शून्य माणसांची पट्टी

माझ्या मेहुण्याला या साइटवर मीच चिकटवला. आता तो ऑफिसच्या भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता लावून मलाच अक्कल शिकवतो. एका कामाला एक पट्टी, जितके दिवस तितकी लांब, आणि पुढे माणसं किती त्याचा आकडा. बायकोचा भाऊ, म्हणून मी गप्प बसायचो.

स्लॅब भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांपुढे सगळ्यात लांब पट्टीवर बोट ठेवलं. ‘स्लॅब सुकणे, दिवस चौदा, माणसं शून्य.’

"चौदा दिवस कोणी काहीच करत नाही, साहेब. पाच करून टाकू."

साहेबांची कळी खुलली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुकणे म्हणे! सुकू नये म्हणूनच तर आम्ही वर बांध घालून पाणी भरून ठेवतो. गाढवाने आयुष्यात थापी धरलेली नाही.

"अरे, माणसं नसली तरी काँक्रीट मुरतंय ना! पाचव्या दिवशी टेकू काढले तर स्लॅब खाली येईल. खाली प्लंबरची चार माणसं असतात."

"दाजी, तुमचं घोडं कायम अडलेलंच. जरा तक्ता वाचायला शिका."

साहेब हसले. पट्टी पाचची झाली.

पाचव्या दिवशी तो टेकू काढायचा कागद घेऊन आला. फोरमनच्या, म्हणजे माझ्या, सहीशिवाय टेकूला हात लावता येत नाही.

"तू खाली उभा राहा," मी म्हटलं, "मग करतो सही."

त्याचा चेहरा उतरला, मग फुगला. "ताईला सांगेन हं."

"खुशाल सांग."

तासाभरात तक्त्यात नवी लाल पट्टी आली. ‘नवा फोरमन आणणे, दिवस तीन, माणसं एक.’ खाली साहेबांची सही.

घरी काय तोंड दाखवायचं, ते सुचेना. पण बोटांवर हिशेब केला: पाच आणि तीन, आठ. म्हणजे नोकरी जाऊनही चौदाला सहा दिवस कमीच पडत होते.

नवा फोरमन हजर झाला त्या दिवशी मी ऑफिसातली खुर्ची उचलली आणि स्लॅबखाली, टेकूंच्या मधोमध टाकून बसलो. मेहुणा धावत आला, पण कडेलाच थांबला.

"दाजी, बाहेर या! तमाशा करू नका!"

"सहा दिवस बसणार आहे. लाव पट्टी," मी म्हटलं. "आणि माणसांपुढे एक लिही."