मधुपर्काची बाटली

सकाळपासून सुविधाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. सर्वण गावचा गौरेश आज पहिल्यांदाच पार्से गावात तिच्या घरी येणार होता, रीतसर मागणी घालायला. रिकाम्या हातांनी कसं यायचं, म्हणून त्याने स्वतः पाळलेल्या माश्यांच्या मधाची बाटली आणली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

कारण सुविधाचे बाबा सदाशिव. त्यांचा सगळा जन्म विजेचे मीटर तपासण्यात गेला होता. माणूस निवृत्त झाला, संशय काही झाला नाही. लेकीच्या लग्नात जावयाच्या हातावर मधुपर्क घालायचा तर अस्सल मधाचाच, त्यांच्या भाषेत म्होंवाचाच, असा त्यांनी पण केला होता, आणि चार वर्षं असा मध त्यांना मिळत नव्हता. पेडण्याच्या बाजारात मध विकणाऱ्या बायका त्यांना लांबून बघितलं की बाटल्या पदराआड करायच्या.

गौरेशने बाटली पुढे केली मात्र, बाबांनी पाण्याचा ग्लास, जुना पेपर आणि टायगर कुत्रा अशी सगळी सिद्धता केली. पाण्यात थेंब सरळ तळाला गेला पाहिजे, पेपरावर ओल फुटता कामा नये, आणि कुत्र्याने तोंड लावता कामा नये. गौरेशचा थेंब अर्ध्या वाटेतच विरला. पेपर ओला झाला. टायगरने तर बशी चाटून पुसून लख्ख केली.

"म्होंव न्हय हो, साकरेचो पाक!" बाबा गरजले.

"काका, आमच्या गावठी माशीचो म्होंव पातळच आसता."

"माका शिकयतंस? जो म्होंवात फसयता, तो माज्या चेडवाक काय सुखात ठेवतलो?"

गौरेश हेल्मेट घेऊन उठला. सुविधाला आधी रडू फुटलं, मग राग आला, आणि रागाच्या भरात असं काही सुचलं की तिला हसूच आवरेना. "थांब थोडो," त्याला दटावून ती स्वयंपाकघरात पळाली. गूळ कढईत घातला, चांगला घट्ट पाक केला, वर लिंबू पिळलं. आई, जानकी, सगळं बघत होती. तिने एक रिकामी बाटली धुऊन पुसून दिली आणि बांगड्यांची डोकी घेऊन मागच्या दाराने टायगरकडे गेली.

"बाबा, माज्या मैत्रिणीन, केरीच्या सिद्धीनं म्होंव दिल्यान. बघा तरी," सुविधाने बाटली समोर ठेवली.

थेंब सरळ तळाला जाऊन बसला. पेपर कोरडाच राहिला. बांगडे खाऊन तृप्त झालेल्या टायगरने बशी हुंगली आणि डोळे मिटले. बाबांचा ऊर भरून आला. चार वर्षांनी!

"हो खरो म्होंव! बघ रे, शीक कायतरी!"

"तुमी चाखा, बाबा," सुविधा म्हणाली. आता बिनसलं तर कायमचंच बिनसणार होतं.

बाबांनी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि चेहरा असा केला की आधी जानकी फुटली, मग सुविधा, मग बिचारा गौरेशसुद्धा हेल्मेट तोंडावर धरून हसायला लागला.

"गूळ," बाबा पुटपुटले. इतक्या वर्षांत त्यांनी बाजारातला मध तपासला होता, चाखला कधीच नव्हता. त्यांनी गौरेशची बाटली ओढली, चाखली. मग पुन्हा चाखली. तिसऱ्यांदा बोट गेलं तेव्हा त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

"मग वळखूचो कसो रे?"

"ग्लासात वळखूक येना, काका. काडता कोण, कसो काडता, ता बघूचा. सर्वणाक येया, माश्यांचे पेटये उघडून दाखयतंय."

बाबांनी तिथल्या तिथे चपला घातल्या आणि गौरेशच्या स्कूटरवर मागे बसून निघालेसुद्धा! इकडे सुविधा दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जाऊन बघत होती.

तिन्हीसांजेला स्कूटर परतली. बाबांचा वरचा ओठ चांगला टम्म सुजला होता, पण हातात दोन बाटल्या होत्या आणि मुद्रा जग जिंकल्याची.

"माशी चावली," त्यांनी अभिमानाने सांगितलं. "खरी माशी!"

एक बाटली त्यांनी जानकीकडे दिली. "ही खावक." दुसरी देवाच्या खोलीत नेऊन ठेवली, आणि सुजल्या ओठाने जमेल तेवढं दरडावलं, "हिका कोणी हात लावू नकात. मधुपर्काक लागतली."