बारवेच्या मळ्यातला न वाचलेला दगड

श्यामसुंदर परचुरे आयुष्यात बरेचदा खोटं बोलले होते, पण त्यातलं छापून आलेलं एकच, आणि तेही तळटिपेत. पान एकशे बेचाळीस, टीप सात: 'हडपसर येथील बारवेच्या मळ्यातील शिलालेख झिजल्यामुळे वाचता येत नाही.' शिलालेखांवरच्या त्यांच्या पुस्तकात शुद्धलेखनाच्या चौतीस चुका निघाल्या, पुणेकरांनी त्या सगळ्या पत्रं लिहून कळवल्या. टीप सातबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दीड वर्ष परचुरे तेवढ्याच एका पत्राची वाट पाहत होते.

मळा सातशे वर्षांचा. यादवांच्या काळात कुणीतरी बारव खणली, तिच्या पाण्यावर शेत उभं राहिलं. पुढे निजामशाही आली, आदिलशाही आली, पेशवाई आली, कॅनॉल आला, ऊस आला आणि शेवटी मळ्याचं लॉन झालं. आता तिथे सीझनला साठ लग्नं लागतात. मालक जयसिंगराव. बारवेच्या कडेला दोन खोल्यांत मथुराबाई राहायची. तिच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बारव राखायचं काम. त्या खोल्यांच्या जागी जयसिंगरावांना नवरीच्या मेकअपसाठी एसी खोली हवी होती. मथुराबाई म्हणे, "आमचा हक दगडावर लिवलाय."

दगड होता खरा. गधेगाळ म्हणतात त्याला. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि दान मोडणाऱ्याच्या आईला खाली गाढवाची शिवी, चित्रासकट. तेव्हा नोटरी नव्हते, त्यामुळे एवढ्यावर भागायचं.

जयसिंगराव गावच्या चार जाणत्यांसमोर म्हणाले होते, "दगडात हिच्या घराण्याचं निघालं, तर खोल्यांना हात लावणार नाय. पेठेतले परचुरे सर वाचतील ते खरं."

सरांनी वाचलं. फार वेळ लागला नाही, कारण वैशाख होता आणि सकाळीच मथुराबाईने दरवर्षीप्रमाणे दगडावर घडाभर पाणी ओतलं होतं. ओल्या दगडावर अक्षरं उठून दिसतात. शके बाराशे एकोणीस. हा मळा नेमा नावाच्या बारव राखणाऱ्याला आणि त्याच्या वंशाला दिला आहे. त्यांनी दर वैशाखात या दगडावर घडाभर पाणी घालावं.

आदल्याच दिवशी चहा पिताना सरांच्या तोंडून निघून गेलं होतं, की आपलं हस्तलिखित अकरा वर्षं प्रकाशकांकडे धूळ खात पडलंय. "छापू की सर," जयसिंगराव म्हणाले होते. अट कसलीही घातली नव्हती. सभ्य माणसाला अट घालावी लागत नाही.

"झिजलंय," सर म्हणाले. "काही लागत नाही."

मथुराबाईने दगडाकडे पाहिलंच नाही. ती सरांकडे पाहत राहिली. महिन्याभरात खोल्या रिकाम्या करून ती येरवड्याला लेकीकडे गेली.

"रोज जेवताना असेच सुस्कारे सोडणार असाल तर आधी सांगा," दोन वर्षांनी मंदाकिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे कुकर कमी लावते."

परचुऱ्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि ताक वाढलं.

"मग? शुद्धिपत्र काढणार?"

"आधी दगडाचा नीट फोटो काढतो. मग त्या बाईंकडे जातो."

"रिक्षाने जा. बसला वेळ लागतो. तेवढ्यात तुमचा विचार बदलेल."

मळ्यात दगड जागेवर नव्हता. गेटजवळ चौथरा बांधून, वर दिवे सोडून उभा केला होता. परचुऱ्यांनी हात फिरवला. ओट्यावरच्या ग्रॅनाइटसारखा गुळगुळीत.

"ग्रायंडर मारून घेतला," जयसिंगराव कौतुकाने म्हणाले. "खालचं ते घाण चित्र बी काढलं. लग्नाला लेडीज असत्यात. वाचण्यासारखं काय नाय, हे तुमीच म्हणलेला."

"होतं," परचुरे म्हणाले. "मळा मथुराबाईच्या घराण्याला दिल्याचं होतं. मी खोटं बोललो."

जयसिंगरावांनी एक टेम्पो आत घ्यायला लावला, खुर्च्या उतरवून घेतल्या, मगच ते वळले.

"पुस्तकात तर येगळंच हाय, सर. आन् पुस्तक तर तुमचंच हाय."

येरवड्याच्या वस्तीत मथुराबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. परचुऱ्यांनी उभ्याउभ्याच टिपणवही काढून त्या दिवशी घरी जाऊन उतरवून ठेवलेला लेख वाचला. तिने पुन्हा वाचायला लावला. घड्याच्या ओळीला तिचे हात थांबले.

"कागदावर लिवून द्या. खाली सही."

"दगड घासून टाकलाय. आता पुरावा काही उरला नाही."

"तुमी उरलाय की."

त्यांनी लिहिलं, सही केली. तारीख लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. आजची तारीख घातली तर हे संशोधन ठरत होतं. जुन्या टिपणांतून नव्याने लागलेलं वाचन. विद्वानांच्यात असं होतं. त्याबद्दल एखादं व्याख्यानही मिळालं असतं.

त्यांनी वहीवरचीच तारीख घातली. दोन वर्षांपूर्वीची.

मथुराबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरांखाली बोट फिरवत ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

"म्हंजी त्याच दिशी वाचलं व्हतं."

"हो."

"मला वाटायचं, सासऱ्यानं उगाच कायतरी डोस्क्यात भरवलं." तिने कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. "उद्या धा वाजता मळ्यावर या. गावची ती चार जाणती माणसं हायत अजून. त्यांच्या म्होरं वाचून दावा. आन् झिजलंय कोण म्हणलं, त्ये बी सांगा."

"येतो," परचुरे म्हणाले.

ऊन रणरणत होतं आणि त्यांच्या घशाला कोरड पडली होती. मथुराबाईने पाणी विचारलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.