नाक धरून पापड

ब्राह्मी आत्ता कुठं झोपलीय, तोवर लिहून घेते.

परवा तिला घेऊन बेळगावच्या दवाखान्यात गेलतो, मी आणि तिचे बाबा, पद्मराज. ती जन्मली तेव्हा ओठ दुभंगलेला होता आणि टाळूही फाटलेली. दोन्ही तान्हेपणीच शिवून झालं. आता ती पाच वर्षांची आहे. अशी ऑपरेशनं झालेली मुलं पुढं कशी बोलतात, यावर तिथं संशोधन चाललंय. मुलांचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि त्यांना कधी न पाहिलेल्या माणसांनी तो ऐकून पारखायचा. पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलेला. बोलताना वारा नाकातून निसटत असेल तर टाळूचं आणखी एक ऑपरेशन, असं आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं. तिला परत त्या हिरव्या कपड्यांच्या हवाली करायची ताकद माझ्यात नव्हती.

म्हणून सराव लई जोरात झाला. वाक्यं दवाखान्यानंच दिलेली. माझ्या सासूबाई घरात कन्नड बोलतात, पण त्याही "काका, पापड खा" म्हणत फिरायच्या. एकदा शेजारचे काका खरंच ताटली घेऊन आले.

वाचा तपासणाऱ्या रचना मॅडमनी माईक पुढं सरकवला. ब्राह्मीनं ऐटीत घसा खाकरला, दोन बोटांनी नाक गच्च धरलं आणि म्हणाली, "काका, पापड खा."

मॅडम म्हणाल्या, नाक सोड बाळ. तिनं आणखी घट्ट धरलं. पद्मराज माझ्याकडं बघायला लागले. नाकातला वारा लपवायला आईनंच शिकवलंय, असंच मॅडमना वाटलं असणार.

ब्राह्मीनं त्यांना समजावलं, "हे वाक्य असंच म्हणतात."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आम्ही सराव करायचो निपाणीत, शाळेच्या वाटेवर. त्या वाटेला तंबाखूची वखार आहे. तंबाखू चाळायला घेतली की अख्खी गल्ली नाक धरून चालते आणि नाक धरूनच बोलते. मी नाक धरून वाक्य सांगायची, ती नाक धरून म्हणायची.

हे सांगितल्यावर मॅडमनी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. मग म्हणाल्या, बरंच झालं की. टाळूतून वारा गळत असेल तर नाक धरल्यावर आणि सोडल्यावर आवाज वेगळा येतो. आता सोडून म्हणायला लावा.

ती कुठली सोडतेय. इथं वास नाही म्हटलं, तर हुंगून म्हणाली, येतोय की, औषधाचा. मग मी उठले, तिचा हात धरला, दुसऱ्या हातानं माझं नाक धरलं आणि खोलीभर चालवत नेलं. मागून पद्मराजही नाक धरून निघाले. खिडकीपाशी मी नाक सोडलं. "वखार संपली गं."

तिनंही सोडलं. "काका, पापड खा."

अगदी तोच आवाज. मॅडमनी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरून परत म्हणायला लावलं. आरसा लख्ख, वाफेचा ठिपकाही नाही. त्यांनी आणखी वाक्यं घेतली, मान डोलावली आणि म्हणाल्या, ऑपरेशन नको.

मी असलं खिदळायला लागले की थांबेना. पद्मराज अजून नाक धरूनच होते. सोडलं असतं तर रडले असते. मॅडम म्हणाल्या, रेकॉर्डिंग परत करू, त्यात सगळं आईचंच हसणं आलंय.

ब्राह्मी माईकसमोर बसली आणि माझ्याकडं वळली.

"आई, गप्प बस की गं. काका कधीपासून थांबलेत."