बोर्डावर हिरवे चोवीस

डोंबिवलीतल्या त्या सोसायटीसमोर वेग दाखवणारा बोर्ड लागला तो वासंतीकाकूंच्या चिकाटीमुळे. निवृत्त शिक्षिका एकदा हात धुऊन मागे लागली की महापालिकेतली माणसंसुद्धा जेवणाच्या सुट्टीतून वेळेवर परततात. गेटच्या जरा पुढे, खांबावर बोर्ड बसला. येणाऱ्या गाडीचा वेग त्यावर झळके. तीसच्या आत असेल तर हिरवा आकडा, वर गेला की लाल.

गाडीवाल्यांनी तो किती मनावर घेतला देव जाणे, सोसायटीने मात्र डोक्यावर घेतला. जो तो बोर्ड बघूनच रस्ता ओलांडू लागला. हिरवा दिसला की चला! यात एक गोम होती. बोर्डाचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे, त्यामुळे तो वाचायचा तर गाड्यांकडे पाठ करून उभं राहावं लागे. आणि ही शिकलीसवरलेली माणसं खुशाल तशी उभी राहत.

काकूंचे यजमान मधुकाका तर बोर्डाचे भक्तच झाले होते. काचबिंदूमुळे त्यांना लांबचं धड दिसत नसे, पण हे टपोरे, चमकणारे आकडे तेवढे कळत. नातीला, श्रियाला, स्कूलबसवरून आणायचं काम काकूंनी काढून घेतलं होतं, ते बोर्ड आल्यावर त्यांना परत मिळालं. तेव्हापासून त्यांची चालसुद्धा बदलली होती.

त्या दुपारी काका रस्ता ओलांडून पलीकडे बसची वाट बघत उभे होते. काकू गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. खालून एक बाईक सुसाट गेली. बोर्डावर हिरवे चोवीस. नुसता आवाजच मोठा मेल्यांचा, असं काकूंना वाटलं. मागून एक रिक्षा रखडत गेली. चोवीस. मग रस्ता पार रिकामा झाला, तरी चोवीसच.

काकूंनी हातातले कपडे तिथेच टाकले. बोर्ड अडकला होता. काकांना फोन करावा तर त्यांचा मोबाईल आत टीपॉयवर, चष्म्याच्या घराशेजारी पडलेला. आणि बस येऊन थांबलीसुद्धा होती.

लिफ्टची वाट न बघता त्या जिन्याने धावत सुटल्या. एक चप्पल मध्येच कुठेतरी राहिली. आयुष्यात कधी नव्हत्या इतक्या त्या घाबरल्या होत्या, आणि आपणच, आपणच तो बोर्ड आणला, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

गेटवर पोचल्या तोवर बस निघून गेली होती. पलीकडे काका श्रियाचा हात धरून उभे, तोंड बोर्डाकडे, पाठ येणाऱ्या गाड्यांकडे. आणि त्या पाठीमागून खेपा वाढवायच्या घाईतला पाण्याचा टँकर भरधाव येत होता.

"अहो, थांबा! येऊ नका!"

टँकरच्या हॉर्नमध्ये काकूंचा आवाज बुडाला. त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. काकांना फक्त हलणारे हात दिसले.

"आलो गं, आलो!" म्हणत ते नातीसकट रस्त्यावर उतरले.

मग काकूंनी विचार केला नाही. त्या थेट टँकरच्या समोर धावल्या आणि हात पसरून उभ्या राहिल्या. ब्रेक किंचाळले. रबराचा जळका वास आला. टँकर हातभर अंतरावर थांबला आणि टाकीतलं पाणी उसळून त्यांच्या अंगावर आलं.

"मरना है क्या, मावशी?" ड्रायव्हर ओरडला.

काका तरातरा जवळ आले. रागाने लालबुंद झाले होते.

"वासंती, वेड लागलंय का तुला? बोर्ड न बघता रस्त्यात शिरतेस? आम्ही बघ, चोवीस बघूनच निघालो."

काकूंनी नुसतं बोट दाखवलं, आधी टँकरकडे, मग बोर्डाकडे.

टँकर जागच्या जागी उभा होता. बोर्डावर हिरवे चोवीस होते.

काका बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"आजोबा," श्रिया हात सोडवून घ्यायला धडपडत म्हणाली, "हात दुखतोय माझा."

काकांना तो सोडता येईना.