महिपतचं गाऱ्हाणं

पूर्णगडच्या सड्यावर, वरच्या उघड्या कातळमाळावर, फुटबॉलची स्पर्धा म्हणजे गावाचं वेडच. इथलं पोर चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं! आणि हे वेड गावाला लावलं महिपतने. पलटणीच्या संघात लेफ्ट आउट खेळलेला, कारगिलची लढाई बघून आलेला गडी. स्पर्धेला नाव मात्र आत्मारामचं. तो त्याच पलटणीचा गोलकीपर, महिपतचा जिवाभावाचा दोस्त. कारगिलहून तो परत आला नाही.

दरवर्षी खेळ सुरू व्हायच्या आधी गावकार बाबल्या देवाला गाऱ्हाणं घालतो. तो एकेक वाक्य बोलतो आणि गाव एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतो. यंदा नेमका बाबल्याचा घसा बसला. नारळ महिपतच्या हातात देत तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तूच घाल रे. तुझ्यापेक्षा मोठा मान कुणाचा?"

महिपतने नारळ घेतला खरा. भाषणात खोटं बोलता येतं. पंचवीस वर्षं दुसरं काय केलं होतं मेल्याने? पण देवापुढे नारळ धरून? छे! त्यात समोर पहिल्या रांगेत आत्मारामची बायको काशी, मांडीवर चषक घेऊन बसलेली.

खरं काय ते एकट्या महिपतला ठाऊक होतं. वरच्या चौकीवर दारूगोळा वाहून न्यायचा होता आणि यादीत नाव त्याचं होतं. "घोटा मुरगळलाय, साहेब," तो म्हणाला. घोटा चांगला ठणठणीत होता. घाबरला होता, दुसरं काय! पण लढाईनंतरच्या फायनलची सगळी भिस्त महिपतच्या पायावर, त्यामुळे कुणाला शंकासुद्धा आली नाही. उलट आत्मारामच पुढे झाला, "तू पाय सांभाळ, मी जातो." गेला तो गेलाच.

"बा देवा महाराजा," महिपतने नारळ कपाळाला लावला. "आज पोरं खेळायला उतरलीत, त्यांना सांभाळ."

"व्हय महाराजा!"

"कुणाचा हातपाय मोडू देऊ नको."

"व्हय महाराजा!"

"आत्माराम गेला तो माझ्या जागी गेला. मी पाय दुखतो म्हणून खोटं बोललो."

"व्हय महाराजा!" सवयीने अख्खं गाव गरजलं. मग कुठे एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला.

महिपतला रडू फुटलं. इतक्या वर्षांनी जिवाला हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच त्याला जास्त लाज वाटली. तो काशीपुढे जाऊन उभा राहिला. "वैनी, थोबाडीत मारा माझ्या. काय हवी ती शिक्षा द्या."

काशीने हात उचलला नाही. चषक तेवढा बाजूला ठेवला.

"भावोजी, एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही वर गेलाच नाहीत, तर तुमच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांनी माझं नाव घेतलनी, असं दरवर्षी भाषणात सांगता, ते?"

महिपतने तोंड उघडलं. आणखी एक खोटं जिभेवर तयार होतं, आणि तिलाही तेच हवं होतं.

"मी खालीच होतो, वैनी. तो काय म्हणाला, मला माहीत नाही."

"तेवढ्यावरच तर आयुष्य काढलं मी," काशी म्हणाली.