दुयसेनबायच्या हातचा घास

दुयसेनबायच्या गावाची क्षयाशी चांगली ओळख होती. बहुतेक घरांत तो कधी ना कधी मुक्काम करून गेला होता. म्हातारा दुयसेनबाय खोकायला लागला, वाळत चालला, तेव्हा डॉक्टरच्या आधी गावानेच निदान केलं. तरुणपणी त्याला क्षय झालाच होता. "परत आला," असं सगळे म्हणाले, जणू शहरात गेलेला भाचाच परतला होता.

सून कामशातने सासऱ्याचा वाडगा वेगळा केला. तिची आई क्षयानेच गेली होती, त्यामुळे तिला कुणी नावं ठेवली नाहीत. दुयसेनबायनेही नाही. त्याला लागलं ते वेगळंच. मेजवानीच्या शेवटी ताटात उरलेलं मटण घरातल्या वडीलधाऱ्याने मुठीत घ्यायचं आणि धाकट्यांच्या तोंडात कोंबायचं, अशी तिथली रीत. तो घास कुणी नाकारत नाही. पण आपला नाकारतील, या धास्तीने म्हाताऱ्याने वर्षभर मूठच भरली नव्हती.

क्षयाच्या गोळ्यांनी ढिम्म फरक पडेना, तेव्हा शहरातल्या डॉक्टर रौशानने थुंकी पुन्हा तपासून घेतली.

"आबा, हा क्षय नाही. त्याच्याच भाऊबंदांपैकी एक जंतू आहे. मातीत, पाण्यात राहतो, जुनं दुखणं झालेल्या फुप्फुसात घर करतो. औषधं वर्षाच्या वर चालतील. पण हा एकाचा दुसऱ्याला होत नाही."

"नाव काय त्याचं?"

तिने सांगितलं.

"एवढं लांबलचक? मग गावात कोण विश्वास ठेवतंय!"

कुणी ठेवला नाही. डॉक्टरीणबाई मनाने चांगली, म्हाताऱ्याला धीर दिला असेल, असं सर्वानुमते ठरलं. शेवटी दुयसेनबायने मेंढा कापला, शेजारपाजार जेवायला बोलावला आणि रौशानलाही बोलावलं.

जेवणं झाली. म्हाताऱ्याने ताटात हात घालून मूठ भरली. शेजारच्या तोलेगेनने पोट भरल्याचं जाहीर केलं. असं तो जन्मात पहिल्यांदाच म्हणत होता.

"पोरी," दुयसेनबाय रौशानला म्हणाला, "दवाखान्यात मला जे सांगितलंस, ते खरं ना?"

"खरंच आबा."

"मग तोंड उघड."

मुठीत मेंढ्याच्या शेपटीची चरबी होती आणि रौशान चरबीला शिवत नसे. तिने तोंड उघडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तिने सगळी गिळली.

"मीठ जरा कमी आहे," ती म्हणाली.

मग दोघं-तिघं पुढे आले. तोलेगेनच्या पोटातही जागा निघाली. शेवटचा घास उरला. कामशात दाराशी उभी होती. म्हाताऱ्याने तिला हाक मारली नाही. ती आपणहून आली आणि गुडघे टेकून बसली.

"आबा, मला भीती वाटते."

"मलाही वाटते गं. राहू दे, नको खाऊस."

तो हात मागे घेऊ लागला. तिने त्याचं मनगट धरलं आणि घास तोंडात घेतला.

तेवढ्यात त्याला ठसका लागला. वर्षभराचा सगळा खोकला एकदम वर आला. नुकतेच घास खाल्लेले सगळे मागे सरकले. तोलेगेन तर भिंतीला टेकला. रौशान पाणी शोधू लागली.

कामशात जागची हलली नाही. तोंड भरलेलं असल्याने तिला बोलता येत नव्हतं. चावता चावता ती एका हाताने सासऱ्याची पाठ थोपटत राहिली, चांगली दणादणा. दुयसेनबायला वाटलं, हा खोकला इतक्यात थांबू नये.