क्रम दोन, उतरता

ऑफिसात तिला सगळे लवंगी म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा त्यांची कंपनी बनवायची. त्या भाषेत गट कसे पाडायचे, क्रम कसा लावायचा, हे ठरवणं तिचं काम. म्हणजे कागदोपत्री तिचं. ठरवायचे साहेब.

साहेबांना रकान्यांची लांबलचक नावं पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा. "रकाना कितवा, तो नुसता आकडा टाकायचा. गट एक, क्रम दोन. झालं!"

"आणि मध्येच कुणी नवा रकाना घुसवला तर? दोन म्हणजे भलतंच काहीतरी होईल आणि यंत्र हूं की चूं करणार नाही."

तिने दुसरी सोय सुचवली. नाव एकदाच लिहा आणि त्यालाच बाण चिकटवा, चढता किंवा उतरता. रकाना कुठेही सरकला तरी बाण त्याच्याबरोबर जाईल. सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला. साहेब हसले. "अगं, लोक एवढे बावळट नसतात." आकडे बाजारात गेले, बाण केराच्या टोपलीत.

पुढे तिच्या वडिलांच्या हृदयाची झडप बिघडली. हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी ही रांग. ज्याची प्रकृती जास्त गंभीर, त्याचा नंबर आधी. बाबा बरेच मागे होते, ते एकाएकी पहिले आले. उद्याच ऑपरेशन! ती आनंदाने रडली.

सही करायला ती कारकूनबाईंच्या टेबलाशी गेली. स्क्रीनवर यादी उघडीच होती. नाव, शेजारी वय, मग प्रकृती. बाबा सगळ्यात वर, कारण बाबा सगळ्यात म्हातारे. तळाला एक कोवळी मुलगी, प्रकृती अत्यंत गंभीर.

"हे वय कधी घातलंत?"

"परवाच. डॉक्टर म्हणाले, नावाशेजारी दिसू दे."

यादी लावणारी, तिच्याच कंपनीच्या भाषेतली ओळ तिने बाईंना उघडायला लावली. क्रम दोन, उतरता. दुसरा रकाना आधी प्रकृतीचा होता, आता वयाचा झाला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गप्प बसावं, असंही तिच्या मनात आलं. बाबांचं ऑपरेशन उरकलं असतं. या विचाराचाही तिला संताप आला.

"बाई, ही यादी चुकलीय. आकडा काढा, 'प्रकृती' असं लिहा."

यादीत मुलगी पहिली आली. बाबा पार खाली घसरले.

तिने तिथूनच साहेबांना फोन लावून फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "भाषेत काही चूक नाही. वापरणाऱ्यांनी बघायला नको?" तिने फोन आपटला.

बाबा खाटेवर तयार होऊन बसले होते, छातीवरचे केस काढून.

"बाबा, उद्या नाही होणार. तुमच्यापेक्षा जास्त आजारी माणसं आहेत. यादी चुकली होती."

"कुणी पकडली चूक?"

"मी."

बाबांचा आवाज चढला. "दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती ना? मग तुलाच काय नडलं होतं?"

दिवसभर ती सगळ्यांशी तावातावाने भांडली होती. आता तिने नुसती त्यांची उशी सारखी केली. बाबा धापा टाकू लागले, तशी ती त्यांची पाठ चोळायला पुढे झाली. त्यांनी तिचा हात झिडकारला.